देवीनं मागितलं, की आपण कबूल केलं?

प्रश्न : ताई, मी चाकणला एका कंपनीत कामाला आहे, गाव जत तालुक्यात. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाला, तेव्हा तो ४ वर्षांचा होता, डेंग्यू झाला. प्लेटलेट खाली गेल्या, पाच दिवस आयसीयूत होता. त्या दिवसांत माझ्या आईनं हॉस्पिटलच्या जिन्यात बसून गावदेवीला बोकड कबूल केला. पोरगा बरा झाला. आईनं एक करडू आणून घरीच वाढवलं. यंदाच्या जत्रेत नवस फेडायचा आहे. अडचण अशी की सुट्टीत गावी जाऊन जाऊन मुलाला त्या बोकडाचा लळा लागलाय. त्याला तो ‘चंद्या’ म्हणतो. दिवाळीत त्याला कुणाकडून तरी कळलं आणि त्यानं मला विचारलं, ‘पप्पा, माझ्यासाठी चंद्याला मारणार?’ मला उत्तर देता आलं नाही.

मी आईला म्हणालो, आपण दुसरं काही देऊ. ती म्हणाली, ‘तू रविवारी मटण आणतोस ते चालतं, आणि देवीला दिलेलं चालत नाही?’ गावातले भगत म्हणतात, देवी घेतल्याशिवाय सोडत नाही. मला खरंच कळत नाही. देवाला दिलेला शब्द मोडणं पाप आहे का? देवाला हवं असलं की एखादी गोष्ट बरोबर ठरते का? आणि मी स्वतः मटण खातो, तर मला बोलायचा हक्क आहे का?
– एक वाचक, जत तालुका

उत्तर : तुमचं पत्र आठ दिवस टेबलावर होतं. मी रोज उघडायची आणि तुमच्या मुलाच्या प्रश्नापाशी थांबायची. तुम्हाला उत्तर देता आलं नाही यात वाईट वाटून घेऊ नका. हा प्रश्न माणसं अडीच हजार वर्षं विचारत आली आहेत, आणि तुमच्या मुलानं तो सात वर्षांचा असताना विचारला.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं बोलते, कारण तिथं मी मऊपणा करणार नाही. तुमच्या आईंचं म्हणणं खरं आहे. रविवारी दुकानातून अर्धा किलो आणणाऱ्यानं जत्रेत ‘हिंसा, हिंसा’ म्हणू नये. मी शाकाहारी घरात वाढले, त्यामुळे मीही त्या शब्दावर हक्क सांगत नाही. मला ते न मागता मिळालं. आणि आमच्यासारख्या घरांतून गावच्या जत्रेला मागासलेली म्हणणारी माणसं निघतात, त्यांना मी नेहमी सांगते की वैदिक यज्ञातही पशू होता, ‘अग्नीषोमीय’ म्हणजे बहुतेक वेळा बोकडच. तेव्हा आईंशी बोलताना हिंसेचा मुद्दा बाजूला ठेवा. तो तुमचा खरा मुद्दाही नाही. तुम्हाला खुपतंय ते वेगळंच आहे, त्याच्याकडे मी येणारच आहे.

आता देवाला हवं म्हणून बरोबर की बरोबर म्हणून देवाला हवं, हा प्रश्न. अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी ३९९ साली सॉक्रेटिस न्यायालयाच्या दारात उभा होता. त्याच्यावरच खटला होता. तिथं त्याला युथिफ्रो भेटला. तो आपल्या बापावर खुनाचा खटला भरायला आला होता. त्यांच्या एका मजुरानं दारूच्या नशेत घरच्या गुलामाला मारलं होतं. बापानं त्या मजुराला हातपाय बांधून खड्ड्यात टाकलं, पुढं काय करायचं ते धर्माच्या जाणकाराला विचारायला अथेन्सला माणूस पाठवला, आणि उत्तर येईपर्यंत तो थंडीनं-भुकेनं मेला. युथिफ्रोला खात्री होती की खटला भरणंच देवांना आवडेल. सॉक्रेटिसनं विचारलं, पवित्र गोष्ट पवित्र असते म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून पवित्र ठरते? युथिफ्रोला उत्तर देता आलं नाही, आणि घाई आहे म्हणून तो निघून गेला. मला मात्र दर वेळी वाचताना तो खड्ड्यातला मजूर आठवतो. धर्माचं मत विचारायला माणूस गेला होता, आणि तेवढ्यात एक जीव गेला.

बसरा आणि बगदादच्या मुसलमान पंडितांनीही यावर भांडून घेतलंय. त्यांच्यातले मुअतझिली पंथाचे लोक म्हणायचे, न्याय आणि अन्याय बुद्धीला कळतात आणि अल्ला अन्याय करत नाही. त्यांच्यातच वाढलेला अल-अशअरी चाळिशीच्या सुमारास त्यांना सोडून गेला. अल्लाच्या हुकमाच्या वर आणखी एखादा मापदंड कसा ठेवायचा, असं त्याचं म्हणणं. अल्लानं सांगितलं ते चांगलं, अल्लानं मना केलं ते वाईट. मला पहिले पटतात. पण दुसऱ्याची भीतीही मला समजते. माणसाची बुद्धी स्वतःच्या सोयीचं ते न्याय्य ठरवते, हे आपण रोज बघतो.

आपल्याकडचा वाद मला जास्त ओळखीचा, कारण तो माझ्या घरात होता. माझे वडील याज्ञिक. मिरजेत आमच्या माडीवर ते चार-पाच मुलांना शिकवायचे आणि मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकायची. पुढं मी छत्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, पण जे आलं ते त्या पायरीवर. वेदवाक्यांचा अर्थ लावणारं मीमांसा दर्शन, त्यात जैमिनीचं सूत्र आहे, ‘चोदनालक्षणोऽर्थो धर्मः’. चोदना म्हणजे वेदाची प्रेरणा, ‘हे करावं’ असं सांगणारं वाक्य. त्यातून कळतं ते हिताचं कर्म म्हणजे धर्म. नवल असं की मीमांसकांना त्यासाठी देव लागत नाही. वेद कुणी रचलेच नाहीत, मग ती कुणाची इच्छाही नाही. वाक्य आहे, आज्ञा आहे, आज्ञा देणारा नाही.

आता या लोकांपुढे अडचण आली श्येनयागाची. वेदात शत्रूला मारण्यासाठी करायचा एक याग सांगितलाय. वेदानं सांगितलं ते धर्म, तर मग शत्रूला मारणंही धर्म झालं? जैमिनीचे भाष्यकार शबरस्वामींनी सूत्रातल्या ‘अर्थ’ या शब्दावर बोट ठेवलं. अर्थ म्हणजे कल्याणाचं. श्येनयाग अनर्थ आहे, म्हणून तो धर्म नाही. मग वेदात तो आलाच कसा? शबर म्हणतात, ‘हे करा’ असं वेद सांगत नाही. ज्याला मारायची इच्छा आहे त्याच्यासाठी हा उपाय आहे, एवढंच सांगतो. इच्छा माणसाची. माझे वडील इथं पोथी मिटायचे आणि मुलांना विचारायचे, ‘क्रियापद कुणाचं ते बघा.’ हे त्यांचं वाक्य मी आयुष्यभर वापरलंय. आज तुमच्यासाठी पुन्हा वापरते.

यज्ञातल्या पशूबद्दल तर उघड दोन तट होते. एकीकडे ‘कुठल्याही जीवाला मारू नये’ असं वाक्य, दुसरीकडे यज्ञात पशू. सांख्य दर्शन मानणाऱ्यांनी सांगितलं, यज्ञातल्या हिंसेचंही पाप थोडं का होईना लागतंच, वैदिक उपायही त्यामुळे पूर्ण शुद्ध नाही. शंकराचार्य ब्रह्मसूत्रांवर लिहिताना याच्या विरुद्ध जातात. धर्म काय, अधर्म काय हे शास्त्रावाचून कळत नाही, शास्त्रानंच सांगितलं तर ते अशुद्ध कसं म्हणणार? मला इथं सांख्य जवळचे वाटतात. पुण्य मिळत असेल, पण जीव गेला तो गेला, त्याचा हिशेब वेगळा ठेवा, असं म्हणायचं धाडस त्यांनी केलं. महाभारतात शांतिपर्वात तर देव आणि ऋषी यांचंच भांडण लागलंय. यज्ञात ‘अज’ वाहावा, पण अज म्हणजे बोकड की धान्याचं बी? देव म्हणतात बोकड. ऋषी म्हणतात बी. निवाड्याला उपरिचर वसू हा राजा. त्यानं देवांचा कल पाहून बोकड म्हटलं, आणि ऋषींच्या शापानं तो आकाशातून थेट जमिनीच्या पोटात गेला. देव ज्या बाजूला होते ती बाजू तिथं हरली आहे. तुमच्या भगतांना ही गोष्ट जरूर सांगा.

आता तुमच्या घरातलं क्रियापद बघू. देवी म्हणाली का, ‘दे’? नाही. तुमच्या पत्रात स्पष्ट आहे. जिन्यात बसून आई म्हणाल्या, ‘देईन’. प्रथम पुरुष, भविष्यकाळ. देवीची आज्ञा इथं कुठं आलीच नाही. आज्ञा नंतर भगतांनी घातली. म्हणून ‘देवाला हवं म्हणून बरोबर का’ हा प्रश्न तुमच्या घरात लागूच पडत नाही. लागू पडतो तो दिलेल्या शब्दाचा. आणि शब्द ही लहान गोष्ट नाही. ज्या बाईकडे त्या रात्री दुसरं काहीच नव्हतं, डॉक्टर आत घेत नव्हते, काय चाललंय ते कळत नव्हतं, तिनं आपल्याकडचं सगळ्यांत मोठं देणं पुढं केलं. त्याला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावू नका. मी तरी नाही लावणार.

पण नवसाचा गाभा काय असतो? देणाऱ्याला काहीतरी जड जावं. आईंनी तेव्हा पैसे, करडाची तीन वर्षांची वैरण, जत्रेचा खर्च हे सगळं स्वतःवर घेतलं होतं. आज मात्र तो बोकड सगळ्यांत जास्त कुणाचा आहे? पोराचा. नवस आईंचा आणि किंमत मोजणार नातू, ज्याच्यासाठी नवस केला तोच. तुम्हाला खुपतंय ते हे आहे. जो जीव वाचावा म्हणून हा शब्द दिला, त्याच जीवाला आता कायमचं सांगितलं जाणार की तू जगलास ते चंद्याच्या बदल्यात. दुसऱ्याच्या काळजातलं काढून आपला नवस फेडता येत नाही. आईंना हे सांगा. हे त्यांना कळेल, कारण त्या रात्री त्याच पोरासाठी त्या जिन्यात बसल्या होत्या.

मिरजेत आमच्या शेजारी एक मुसलमान कुटुंब राहायचं. बकरी ईदच्या दोन महिने आधी त्यांच्याकडे बकरा यायचा. एका वर्षी त्यांची मुलगी, माझ्याच वयाची, दिवसभर रडली, जेवली नाही. चाचांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. तिला जवळ घेऊन म्हणाले, ‘अल्लाला मांस पोचत नाही, रक्त पोचत नाही, तुझ्या मनातलं पोचतं.’ ते त्यांचं स्वतःचं सुचलेलं असावं असं मला वाटलं होतं. पुढं कुराण वाचलं तेव्हा सूरह अल-हजमध्ये ३७वी आयत म्हणून समोर आलं. त्याच कुराणात इब्राहीम आपल्या मुलाला आधी विचारतात, मला स्वप्नात असं दिसलं, तुला काय वाटतं? मुलगा हो म्हणतो, तेव्हाच पुढचं घडतं, आणि मग बदली कुर्बानी येऊन मुलगा सुटतो. त्या मुलाला विचारलं गेलं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुमच्याकडेही जत्रेत बोकडाच्या अंगावर पाणी शिंपडून तो अंग झाडेपर्यंत थांबतात ना? झाडलं की देवीनं मानून घेतला म्हणतात. म्हणजे कापणाऱ्यालाही आतून कुणाचा तरी होकार हवासा वाटतो. तुमच्या घरात मात्र एका सात वर्षांच्या पोरानं नकार दिलाय, आणि तो शब्दांत दिलाय.

आता करायचं काय. कोहळा फोडून बोकडाऐवजी देणं अनेक घरांत चालतं, तुम्हाला माहीत असेल. पण नुसता कोहळा दिलात तर आईंच्या मनातली भीती तशीच राहील, आणि पुढच्या वर्षी पोराला साधा ताप आला तरी ती उठेल. मी असं करीन : जत्रेच्या आधी आईंना एकटीला देवळात घेऊन जा. ओटी भरू द्या. त्यांनी जसा मोठ्यानं शब्द दिला तसा मोठ्यानं बदलू द्या, ‘बाई, तुला द्यायचं ते मी माझ्यातलं देते.’ काय द्यायचं ते त्यांना ठरवू द्या, आणि ते त्यांना खरंच जड जाईल असं असू द्या. जेवण मात्र टाळू नका. कंदुरीला गावातली अशी घरं जेवतात ज्यांच्या ताटात वर्षात मोजक्याच वेळा मटण येतं. त्यांचा वाटा तुमच्या घरच्या विचारमंथनात बुडू नये. गाडगे महाराजांनी स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाऐवजी गोडाचं जेवण घातलं आणि पुढं जन्मभर कीर्तनातून नवसाच्या बोकडांविरुद्ध बोलत राहिले. पण पंगत त्यांनी बंद केली नाही. उलट ती मोठी केली.

कायदा तुम्हाला अडवणार नाही आणि सोडवणारही नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात कलम २८ आहे, धर्माला आवश्यक त्या पद्धतीनं केलेली पशुहत्या त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही. निर्णय तुमच्याच घरात घ्यायचा आहे.

आणि मुलाला उत्तर आजच द्या, जत्रेची वाट पाहू नका. त्याला सांगा, तू बरा झालास कारण डॉक्टर जागे होते, नर्स जाग्या होत्या, आजी जिन्यात जागी होती. तू कुणाच्या जिवाचं देणं लागत नाहीस.

प्रश्न : मी नागपूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही बौद्ध आहोत. माझी एक चांगली मैत्रीण परवा म्हणाली, ‘तुमच्यात देवच नाही, मग चुकीचं वागायला तुम्ही कुणाला भिता?’ ती वाईट हेतूनं बोलली नव्हती, पण मला पटकन सुचलं नाही. माझे आजोबा १४ वर्षांचे असताना १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. त्यांना विचारायला मला संकोच वाटला.
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : वर जतच्या वाचकांना सांगितलं तेच तुलाही सांगते, क्रियापद कुणाचं ते बघ.

बायबलमधल्या दहा आज्ञा वाच. ‘खून करू नको.’ द्वितीय पुरुष, कुणीतरी समोर उभं राहून तुला सांगतंय. वेदातलं वाक्य वाच. ‘स्वर्गकामो यजेत’, ज्याला स्वर्ग हवा त्यानं यज्ञ करावा. तृतीय पुरुष, विध्यर्थ. आता तू रोज म्हणत असशील ते पंचशील आठव. ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि.’ समादियामि म्हणजे मी घेते. प्राणिहत्येपासून दूर राहण्याचा नियम मी स्वतःवर घेते. प्रथम पुरुष, वर्तमानकाळ. यात कुणी सांगणारा नाही, म्हणून भिण्याचा प्रश्न वेगळ्या जागी जातो. ज्यानं घेतलं त्यालाच ते सांभाळायचं.

केसपुत्त गावच्या कालामांनी बुद्धांना विचारलं होतं, इतके गुरू येतात, जो तो आपलंच खरं म्हणतो, आम्ही कुणाचं मानायचं? बुद्धांचं उत्तर असं की ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा हा आमचा गुरू आहे म्हणून मानू नका. लोभानं, द्वेषानं, मोहानं केलेल्या गोष्टीचं काय होतं ते स्वतः पाहा, आणि अहिताचं आहे असं स्वतः कळलं की सोडा. बाबासाहेबांनी धम्माची मांडणी करताना हाच धागा पुढं नेला. इतर धर्मांत देवाची जी जागा आहे, ती धम्मात नीतीची आहे, असं ते स्पष्ट म्हणतात. आणि त्यांनी त्याला एक धार दिली जी मला फार मोलाची वाटते : नीती हवी कारण माणसानं माणसावर प्रेम करणं गरजेचं आहे, त्यासाठी देवाची मंजुरी लागत नाही. ज्यांना पाणी भरायचासुद्धा मज्जाव धर्माच्या नावानं झाला, त्यांच्यातल्या माणसानं हे लिहिलंय. देवाची भीती असलेल्या लोकांनीच तो मज्जाव केला होता, हे तुझ्या मैत्रिणीला सांगताना आवाज चढवू नकोस, पण सांग.

तुझ्या मैत्रिणीच्या भीतीलाही मी कमी लेखत नाही. देव बघतोय या एका विचारानं माझी आजी आयुष्यभर कुणाच्या पैशाला शिवली नाही. तिला तो आधार पुरला.

पण संकोच सोड आणि आजोबांपाशी बस. १४ ऑक्टोबरला त्यांनी इतक्या मोठ्या जनसमुदायात तो शब्द स्वतःच्या तोंडानं उच्चारला होता. चौदा वर्षांच्या मुलाला तेव्हा त्यातलं काय कळलं होतं, आणि पुढं कोणत्या दिवशी कळलं, ते त्यांना विचार. त्यांनी परवानगी दिली तर मलाही लिहून पाठव.